परसराज्यावर नवतप्याची स्वारी

श्री सूर्यनारायण प्रसन्न असावा, परंतु फार प्रसन्न नसावा, ही प्रथम प्रार्थना. ज्याच्या तेजाने दाणा पिकतो, अंड्यात जीव धरतो आणि वैशाखात पत्र्यावर हात ठेववत नाही, त्यास नमस्कार करून, आणि ज्याच्या सावलीवाचून पुढील हकीकत लिहावयास कारण उरले नसते त्या कडुनिंबास दुसरा नमस्कार करून, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख वद्य पक्षी एका लहान राज्यावर जो प्रसंग गुदरला तो जैसा घडला तैसा लिहितो. राज्यास नाव नाही आणि लिहिणाराचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. जे पाहिले ते लिहिले, जे ऐकिले ते दोघांस पुसून मग लिहिले.

प्रथम एका साध्या सकाळचा मजकूर. वद्य प्रतिपदेस पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी सेनापती तुर्रेबाज, म्हणजे राज्यातील एकुलता कोंबडा, यांनी पहिली बांग दिधली, आणि अर्ध्या तासाने दुसरी दिधली, आणि मग बाईसाहेब शेवंताबाई उठल्या. त्यांनी चूळ भरून, पदर खोचून, मागील दार उघडिले आणि पाच वाजून दहा मिनिटांनी खुराड्यापुढची वीट बाजूस करून कडी काढिली. मग प्रजा नित्याच्या क्रमाने बाहेर आली. प्रथम बुक्का नामे काळी कोंबडी, जी वयाने सर्वांत वडील, तिजमागे दोघी तांबड्या बहिणी, मग पांढरी, मग इतर चौघी, आणि सर्वांच्या शेवटी सेनापती, ऐसे की जणू मागील फळी त्यांनीच राखिली होती. बाईसाहेब तीस वर्षे अंगणवाडीत होत्या, सबब बोटाने हवेत टिपके देत मोजण्याची त्यांस सवय होती. त्यांनी आठ कोंबड्या व एक कोंबडा मोजिला, आणि मग वाकून खुराड्याच्या कोपऱ्यातील टोपलीकडे पाहिले आणि "कोंबड्या नऊ," ऐसे म्हणाल्या. टोपलीत कवडी नामे ठिपक्यांची कोंबडी अंगाची चपाती करून अंड्यांवर बसली होती. तिने मान फुगवून बारीक कुरकुर केली. बाईसाहेबांनी मातीच्या परळात ताजे पाणी घातले, दोन मुठी ज्वारी फेकिली, झाडलोट केली, आणि सहा वाजता चहा ठेविला. नित्याची सकाळ ती इतकीच.

आता राज्याची रचना सांगतो. राज्य म्हणजे घरामागील परस, लांबी चाळीस फूट, रुंदी बावीस फूट चार इंच. हे चार इंच गाळू नयेत, कारण बाईसाहेबांचे यजमान भगवंतराव ठोंबरे हे चौतीस वर्षे जमीन मोजणीचे काम करून निवृत्त जाहाले होते आणि इंच गाळिलेला त्यांस सोसत नसे. उत्तरेस शेजारीण बयाबाई मेश्राम यांची कमरेइतकी भिंत, पूर्वेस न्हाणीघर, पश्चिमेस कडुनिंब, आणि दक्षिणेस स्वयंपाकघराचा उंबरठा. मध्ये राजधानी, म्हणजे लाकडी चौकटीचे, जाळीच्या भिंतींचे आणि पत्र्याच्या छपराचे खुराडे. दक्षिणेची सरहद्द तहाने ठरली होती. त्याचे कारण असे की चार वर्षांपूर्वी बुक्का घरात शिरून भगवंतरावांच्या जुन्या नकाशांच्या भेंडोळ्यावर बैसली आणि जे करू नये ते एका पूर्ण गावाच्या शिवारावर करून आली. तेव्हा भगवंतराव म्हणाले, "परस तुझं. कोंबड्या तुझ्या. पण उंबरठ्याच्या आत पीस आलं तरी मी ऐकणार नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "नाही येणार. शब्द दिला." मग भगवंतरावांनी परसाचा नकाशा काढून, उंबरठ्यावर तांबड्या शाईने रेघ ओढून, तो स्वयंपाकघराच्या दाराआड लाविला. पुढे चार वर्षांत तह एकदाही मोडला नाही.

कवडीचाही पूर्ववृत्तांत सांगणे अवश्य आहे. दोन वर्षांपूर्वी बाईसाहेबांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया जाहाली. त्या सहा आठवडे मागील पडवीत खुर्चीवर बसून असत, आणि कोणाशी फारसे बोलत नसत, आणि चालावयाचे म्हटले की उद्या म्हणत. त्या दिवसांत बयाबाईंच्या एका कोंबडीची सगळी पिल्ले मुंगसाने नेली आणि एकच उरले. बयाबाईंनी ते आणून बाईसाहेबांच्या ओंजळीत ठेविले आणि म्हणाल्या, "ताई, तुमी बसूनच आहा, तं हे उबवा." बाईसाहेबांनी ते तळहातात, पदरात, मग मांडीवर वाढविले. ते पिल्लू पळू लागले तेव्हा त्याच्या मागे जाण्यासाठी बाईसाहेब खुर्चीतून उठल्या, प्रथम चार पावले, मग पडवीच्या टोकापर्यंत, मग निंबापर्यंत. तीच ही कवडी. या वर्षी ती प्रथमच खुडूक, म्हणजे अंडी उबवावयास उत्सुक, जाहाली. अक्षय्यतृतीयेस बयाबाईंच्या हातून टोपलीत गवत घालून, वर अकरा अंडी मांडून, प्रत्येकावर कोळशाची खूण करून, आणि वीज कडाडली तर अंडी गढुळू नयेत म्हणून त्या बाजूच्या रीतीप्रमाणे गवतात एक लोखंडी खिळा ठेवून, तिला बसविली. बयाबाई म्हणाल्या, "आता एकवीस दिवस जागा हालवाची नाही." ती रीत बाईसाहेबांनी मनात गाठ मारून ठेविली.

ऐसे असता वद्य द्वितीयेस सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला आणि नवतपा लागला, म्हणजे ते नऊ दिवस की ज्यांत त्या मुलखी दुपारी रस्त्यावर मनुष्य दिसत नाही. पहिल्याच दिवशी पारा पंचेचाळिसावर चढला. सकाळी नवाच्या सुमारासच शेवंताबाईंनी पाहिले की सर्व प्रजा चोची उघड्या ठेवून धापा टाकते आहे, आणि पंख अंगापासून दूर धरून उभी आहे, आणि बुक्केचा लाल तुरा फिका पडला आहे. कोंबडीस घाम येत नाही, तिची सगळी उष्णता श्वासाने जाते, सबब तिची धाप ही केवळ दमणूक नव्हे, तो तिचा शेवटचा उपाय आहे, हे बाईसाहेबांस ठाऊक होते. त्यांनी यजमानांस सांगितले. भगवंतराव तापमापक घेऊन परसात आले, त्यांनी खुराड्यात, निंबाखाली आणि न्हाणीच्या भिंतीशी तीन ठिकाणी मोजणी केली, वहीत आकडे मांडिले आणि म्हणाले, "काळजी करू नको. हा माझ्या हातचा विषय आहे."

ते म्हणण्यासही कारण होते. त्यांच्या कचेरीत उन्हाळ्यात खिडक्यांवर वाळ्याच्या ताट्या, म्हणजे पडदे, असत आणि शिपाई त्यांवर पाणी मारी, आणि आत बसून चौतीस उन्हाळे त्यांनी रेघा ओढल्या होत्या. तोच कित्ता त्यांनी येथे गिरविला. नऊ रिकामी पोती आणिली, उसवून शिविली, माप घेऊन कापिली, आणि खुराड्याच्या चारही बाजूंस वरपासून खालपर्यंत बारीक खिळ्यांनी ठोकिली. कोठे बोट शिरेल इतकी फट उरली नाही, कारण फट ठेवणे त्यांच्या हातास ठाऊकच नव्हते. मग पोत्यांवर पाणी मारून, अकरा वाजता सगळी प्रजा ज्वारी दाखवून आत घेऊन, कडी लाविली. बारा वाजता बाहेर पंचेचाळीस आणि आत एकोणचाळीस. भगवंतरावांनी ते वहीत लिहून खाली दुहेरी रेघ मारिली, आणि दर अर्ध्या तासाने पाणी मारिले, आणि जेवताना दोन पोळ्या अधिक खाल्ल्या.

एक वाजता बयाबाई भिंतीवरून डोकावल्या. त्या सत्तरीच्या, अंगाने वाळलेल्या, आणि जन्मभर कोंबड्या बाळगणाऱ्या. त्यांनी पुसिले, "ताई, तुमच्या कोंबड्या काहून गप आहेत वो?" बाईसाहेब म्हणाल्या, "आत आहेत, गारव्यात. ह्यांनी केलंय सगळं." बयाबाई भिंत ओलांडून आल्या, एका पोत्याचा कोपरा उचलून हात आत घातिला, आणि तो हात तसाच भगवंतरावांपुढे धरिला. हातावर दव पडल्यासारखे पाणी होते. त्या म्हणाल्या, "भाऊ, हे खुराडं व्हय का इडल्या शिजवाचं भांडं?" भगवंतराव म्हणाले, "आत सहा अंश कमी आहे. हे बघा, लिहिलंय." बयाबाई म्हणाल्या, "तुमची वही थंडी असन. कोंबड्या शिजून राहिल्या." मग त्यांनी व बाईसाहेबांनी तीन बाजूंची पोती ओढून काढिली आणि कडी उघडिली. आतली कोंदलेली वाफ तोंडावर आली. प्रजा लडखडत बाहेर आली, कवडी टोपलीतच बसून राहिली, आणि बुक्का आली नाही. ती आडवी पडली होती, मान वाकडी, डोळे अर्धे मिटलेले.

बाईसाहेबांनी तिला उचलिले. भगवंतराव फ्रिजकडे वळले तेव्हा बयाबाई म्हणाल्या, "बरफ नोका आनू. एकदम थंडं लागलं तं जीव जाते तिचा. माठातलं आना." मग पसरट पाटीत माठाचे पाणी घालून बुक्केचे पाय आणि पोटाखालचा भाग त्यात ठेविला, आणि चोचीच्या कडेस बोटाने थेंब थेंब गूळमिठाचे पाणी लाविले, नाकपुड्यांत जाऊ दिले नाही. भगवंतराव उभे होते आणि हातात हातोडा होता. तो खाली ठेवावा हेही त्यांस सुचले नाही. वीस मिनिटांनी बुक्केने पाय झटकिला, आणि मग डोळा उघडून प्रथम त्यांच्याकडेच पाहिले. बयाबाई म्हणाल्या, "वळखलं तिनं. नकाशाचा राग अजून आहे का तुमच्या मनात, पुसून राहिली." भगवंतराव हसले नाहीत, परंतु त्यांनी हातोडा ठेविला आणि बुक्केसाठी दुसरे परळ भरून आणिले. संध्याकाळी वहीत त्यांनी दुहेरी रेघेखाली लिहिले ते असे, "पहिली मोजणी चुकली. वारा मोजला नव्हता."

मग नवी तजवीज जाहाली, आणि ती तिघांनी मिळून केली. वारा पश्चिमेकडून येतो, सबब त्या एकाच अंगास ओले पोते, तेही वर वीतभर व खाली वीतभर जागा सोडून, आणि बाकी तिन्ही अंगे उघडी. पत्र्यास चुन्याचा हात दिला आणि वर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, हातभर थर घातिला. दाणा पहाटे पाच वाजता आणि सायंकाळी ऊन उतरल्यावर, मध्ये नाही, कारण पोटात दाणा जिरतो तोही उष्णता करितो. दुपारी काकडी आणि कलिंगडाच्या साली. पाण्याची पाच परळे, आणि ती सावलीबरोबर सरकवावयाची. हे काम भगवंतरावांनी आपणांकडे घेतले आणि सावलीच्या कडा तासातासाने जमिनीवर चुन्याने आखिल्या. निंबाखाली माती खणून ती ओली केली, त्यात प्रजेने आपापले खड्डे करून दुपारभर पोट टेकून राहावे, ऐसे ठरले. सेनापतींनी ओल्या मातीतील सर्वांत मोठा खड्डा घेतला आणि मग बुक्केने त्यांस तेथून उठविले. तिसऱ्या दिवशी पारा शेहेचाळिसावर गेला तरी निंबाखालच्या प्रजेने चोची मिटल्या होत्या. राज्य सावरले, ऐसे सर्वांस वाटले.

परंतु राज्यात एक असामी निंबाखाली जात नव्हती. कवडी दिवसातून एकदा, पहाटे, दहा मिनिटे उठे, घाईने चार दाणे व चार घोट घेई, आणि परत टोपलीत जाऊन बसे. दुपारी छपराखालच्या त्या कोपऱ्यात बेचाळीस असे. अंड्यांस उब लागते ती याहून कमी, सबब ती त्यांस उबवीत नव्हती, उलट आपल्या अंगाने झाकून उन्हापासून वाचवीत होती, आणि तिला वाचविणारे कोणी नव्हते. ती चोच उघडी ठेवून धापा टाकी आणि उठत नसे. बाईसाहेब बारा वाजता खुराड्याच्या दाराशी स्टूल घेऊन बसत आणि जाळीतून तिला हातपंख्याने वारा घालीत, ते चार वाजेपर्यंत. डोक्यावर ओले पंचे घेत, ते पाव तासात सुके. भगवंतराव दारातून म्हणाले, "अगं, ऊन लागेल. आत ये." त्या म्हणाल्या, "येते. तिचा जरा डोळा लागू द्या." ते म्हणाले, "कोंबडीचा?" त्या म्हणाल्या, "हो, कोंबडीचा." आणि पंखा चालूच राहिला. चतुर्थीस त्या स्टुलावरून उठताना चौकट धरून उभ्या राहिल्या आणि थोडा वेळ त्यांस समोरचे दिसेना. भगवंतरावांनी लिंबूपाणी दिले. ते पिऊन त्या पुन्हा बैसल्या आणि म्हणाल्या, "तीनच दिवस राहिलेत."

त्या रात्री जेवताना भगवंतरावांनी वाट पाहिली. त्यांस वाटले की ही आता मागेल. घरात आतली खोली होती, दगडी भिंतींची, खिडकीशी कूलर, आणि तेथे पारा चौतिसावर राहत असे, आणि त्यांच्या पलंगाखालची जागा तर त्याहून गार. शेवंताबाईंनी वरण वाढिले, भात वाढिला, लोणचे पुढे केले, आणि मागितले काही नाही. भगवंतरावांनी भाताचा घास करता करता मनात हिशेब केला की ही मागणार नाही, कारण हिने शब्द दिला आहे, आणि शब्द मी घेतला आहे, आणि जो शब्द घेतो त्यानेच तो परत द्यावा लागतो. त्यांनी तोंडाने इतकेच म्हटले, "लोणचं चांगलं मुरलंय."

पंचमीस सकाळी भगवंतराव स्वतः भिंतीशी गेले. चार वर्षांत ते बयाबाईंकडे आपण होऊन गेले असे हे पहिलेच. बयाबाई मुगवड्या घालीत होत्या. ते म्हणाले, "बयाबाई, एक विचारायचं होतं. बसवलेली कोंबडी हलवली, तर ती अंडी टाकून उठते का?" बयाबाईंनी हात न थांबविता पुसिले, "ताईनं पाठवलं का?" ते म्हणाले, "नाही. तिला माहीत नाही." तेव्हा बयाबाईंनी हात थांबविला. त्या म्हणाल्या, "उठते. दुसऱ्या टोपल्यात टाकली तं उठते, गवत बदललं तं उठते. पन टोपलं तेच, गवत तेच, खिळा तोच, अंडे तेच, आन तिच्या डोयावर फडका असला, तं तिले काय मालूम आपन कुठी आलो. तुमचा नकाशा तिले वाचता येते का?" भगवंतराव म्हणाले, "पण तुम्हीच म्हणाला होता, जागा हलवायची नाही." बयाबाई म्हणाल्या, "मी म्हनलं ते लेकरायनं हात लावू नये म्हून. भाऊ, मरून राहिली तं हालवाच लागते न बापा. धक्का नोका देऊ, एवढंच." मग भगवंतराव म्हणाले, "दुपारी अर्धा तास हिला तुमच्याकडे बोलवाल?" बयाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले, आणि वडी ताटावर ठेविली, आणि म्हणाल्या, "बोलावतो. घंटाभर बसवतो."

मग भगवंतरावांनी कोणास न सांगता तयारी केली. टोपलीचा व्यास एकोणीस इंच, खुराड्याचे दार बावीस, स्वयंपाकघराचे दार तीस, पलंगाखालची उंची सतरा आणि टोपली कवडीसह चौदा. पलंगाखाली झाडून, जुनी वर्तमानपत्रे दुहेरी अंथरून, वर कोरडे पोते घातिले. परळात पाणी, दुसऱ्यात मूठभर ज्वारी. कूलरचे तोंड भिंतीकडे फिरविले, म्हणजे दमट झोत अंगावर येऊ नये, आणि समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या चार चार बोटे उघड्या ठेविल्या, आणि उदबत्ती लावून धूर कोणीकडे जातो ते पाहिले. धूर पलंगाखालून संथ निघून दुसऱ्या खिडकीने गेला. या वेळी वारा मोजला होता.

साडेबारास बयाबाईंनी भिंतीवरून हाक दिली, "ताई, वड्या फुटून राहिल्या, जरा पाहून जा वो." शेवंताबाई स्टुलावर होत्या, पंखा हातात. त्या म्हणाल्या, "आत्ता नाही जमायचं." तेव्हा भगवंतराव पुढे आले आणि म्हणाले, "जा तू. पंखा मी धरतो." बाईसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिले, आणि पंख्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "जोरात घालू नका. पिसं उडतील इतपत नको." ते म्हणाले, "बरं." मग त्या गेल्या. भगवंतराव स्टुलावर बसून त्यांची पावले बयाबाईंच्या पडवीत चढेपर्यंत खरोखर वारा घालीत राहिले. मग त्यांनी पंखा स्टुलावर ठेविला, चपला काढिल्या, आणि आपले धुतलेले उपरणे हलकेच कवडीवर पांघरिले. तिने उपरण्याखालून त्यांच्या मनगटावर दोनदा चोच मारिली आणि रक्ताचा ठिपका आला. ते हळूच म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मग दोन्ही हात टोपलीखाली घालून उचलिली. मोजणीचे यंत्र तिवईसह उचलून, त्यातला पाण्याचा बुडबुडा मध्यरेषेवरून न ढळू देता शेतांच्या बांधांवरून नेण्याची त्यांस चौतीस वर्षांची सवय होती, तीच चाल त्यांनी आता धरिली. परस ओलांडिले, तापल्या फरशीवर अनवाणी सहा पावले टाकिली, आणि ज्या उंबरठ्यावर त्यांनीच तांबडी रेघ ओढिली होती तो उजव्या पायाने ओलांडून आत आले. निंबाखालून बुक्केने मान वर करून पाहिले, आणि ती जागची हलली नाही. आतल्या खोलीत गुडघे टेकून त्यांनी टोपली पलंगाखाली सरकविली, उपरणे काढिले, आणि मागे भिंतीशी बसून राहिले. कवडी उभी राहिली. तिने एकदा वळून पाहिले, चोचीने एक अंडे पोटाखाली ओढिले, दुसरे ओढिले, आणि मग बसली. पाच मिनिटांनी तिची चोच मिटली.

दीड वाजता बाईसाहेब परत आल्या. स्टुलावर पंखा होता, खुराड्याचा कोपरा रिकामा होता, आणि जमिनीवर टोपलीचा गोल ठसा होता. मग घरातून, खोल आतून, कवडीची ती बारीक कुरकुर आली. बाईसाहेब उंबरठ्यापर्यंत आल्या, तेथे थांबल्या, आणि मग आत गेल्या. भगवंतराव खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसले होते आणि मनगटावर हळद लाविली होती. शेवंताबाईंनी वाकून पलंगाखाली पाहिले, बोटाने हवेत टिपका दिला, आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या, गुडघा दुखत असेल तरीही. मग उठून पुसिले, "चहा ठेवू?" भगवंतराव पानाआडून म्हणाले, "ठेव. भांडी आपटू नको. तिचा डोळा लागलाय."

पुढे दोघांनी त्या गोष्टीचा उल्लेख केला नाही. सायंकाळी बाईसाहेब दाणा टाकावयास परसात गेल्या असता भगवंतरावांनी स्वयंपाकघराच्या दाराआडचा नकाशा उतरविला, उंबरठ्यावरील तांबड्या रेघेवर आडव्या दोन बारीक खुणा करून ती रद्द केली, आणि पट्टी लावून पेन्सिलीने नवी सरहद्द ओढिली. ती स्वयंपाकघरातून आत जाऊन पलंगास वळसा घालून परत येत होती. खाली तारीख घातली आणि "दुरुस्ती" ऐसे लिहिले. कारण लिहिले नाही. मग नकाशा होता तेथे परत लाविला.

एकूण मजकूर ऐसा. अष्टमीचे पहाटे अकरांपैकी नऊ अंड्यांतून पिल्ले निघाली. नवतपा नऊ दिवस तपून गेला, राज्यातील एकही जीव गेला नाही. सरहद्द दक्षिणेस साडेअकरा फूट सरकली, ती अद्याप तेथेच आहे, आणि पेन्सिलीची रेघ कोणी पुसली नाही. इतकी हकीकत पाहून, पुसून, लिहून पुरी केली.